नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

मित्रहो, या खेपेला कविता दिली नाही. एका दगडाविषयी लिहितोय.

हा दगड आकाशात आहे. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात लाखो दगड सूर्याभोवती फिरतात. त्यांना लघुग्रह म्हणतात. त्यातला सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत आधी सापडलेला तो सेरेस. रुंदी सुमारे ९४० किलोमीटर. सूर्याभोवतीची एक फेरी ४.६ वर्षांची. स्वतःभोवतीची गिरकी नऊ तासांची, म्हणजे आमच्या एका पाळीपेक्षा तासभर जास्त. यादीत त्याचा नंबर १.

तुम्ही म्हणाल, पोटाचे, जागेचे, नोकरीचे प्रश्न सोडून याला आकाश कुठनं सुचलं? सांगतो.

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. गेटातून आत गेलो की माझं नाव संपतं, ४१७ नंबर सुरू होतो. हजेरी नंबरावर, पगार नंबरावर, दंडसुद्धा नंबरावर. रातपाळीच्या सुट्टीत मी वाचनालयातनं आणलेलं खगोलशास्त्राचं पुस्तक वाचत होतो. त्यात लघुग्रहाच्या नावाची रीत दिलेली. दगड सापडला की आधी तात्पुरता क्रमांक. त्याची कक्षा पक्की झाली की कायमचा नंबर. त्यानंतर ज्यानं शोधला त्याला दहा वर्षं नाव सुचवायचा हक्क. मंजुरी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या समितीची. नाव रोमन सोळा अक्षरांच्या आत पाहिजे. राजकारणातल्या किंवा लष्करातल्या माणसाचं असेल तर तो मरून शंभर वर्षं झालेली पाहिजेत. आजवर आठ लाखांच्या वर दगडांना कायमचा नंबर मिळालाय. नाव मिळालेले पंचवीस हजारांच्या आसपास. बाकीचे सगळे नंबरवाले.

मला हसूच आलं. आधी तात्पुरता, मग कायम, मग नंबर. ही तर आमच्या गिरणीची भाषा! आणि मग हसू थांबलं. कारण प्रश्न उभा राहिला तो माझाच होता. नाव कोण ठेवतो? कुणाच्या जिवावर ठेवतो? आणि ठेवलेलं नाव टिकतं ते कशाच्या बळावर?

आपल्या भाषेत एक खोच आहे. बारशाला नाव ठेवतात आणि गावभर नावं ठेवतात. एक अनुस्वार वाढला की मानाचा अपमान होतो. आपल्या बापजाद्यांच्या वाट्याला तो अनुस्वारच आला. माझ्या आज्याचं नाव दगडू. त्याच्या आधीची दोन पोरं दगावली, म्हणून पणजीनं नाव दगडू ठेवलं, की मरणाला वाटावं, हा दगड आहे, याला कशाला न्यायचं. ते आईचं भय होतं, माया होती. पण गावानं त्याचं दगड्या केलं आणि ते तसंच जन्मभर वापरलं. म्हातारा झाला तरी पाटलाचं शेंबडं पोर त्याला दगड्याच म्हणायचं. म्हणजे बघा, आकाशातल्या दगडाला देवीचं नाव आणि जमिनीवरच्या माणसाला दगडाचं.

आता त्या दगडाची गोष्ट नीट सांगतो.

इटलीच्या दक्षिणेला सिसिली बेट. तिथं पालेर्मो शहरात राजवाड्याच्या बुरुजावर १७९० मध्ये वेधशाळा सुरू झाली. तिचा प्रमुख ज्युसेप्पे पियाझ्झी, धर्मानं पाद्री, कामानं ताऱ्यांची मोजदाद करणारा. त्याची शिस्त कडक. एकदा बघून कुठलाच तारा यादीत घालायचा नाही. लागोपाठ काही रात्री तोच तारा मोजायचा, मग लिहायचा. १ जानेवारी १८०१ च्या संध्याकाळी वृषभ राशीत त्यानं एक अंधूक तारा टिपला. दुसऱ्या रात्री तो जरा सरकलेला. पियाझ्झीला वाटलं, आपलीच चूक. तिसऱ्या रात्री पुन्हा सरकलेला. तारे असे सरकत नाहीत. पत्रांतून त्यानं हा धूमकेतू असावा असं कळवलं, पण मिलानच्या ओरियानी या मित्राला खाजगीत लिहिलं की हे धूमकेतूपेक्षा काहीतरी मोठं असेल अशी शंका येते.

गंमत अशी की मंगळ आणि गुरू यांच्या मधे एक ग्रह असला पाहिजे असं धरून जर्मनीत १८०० साली विद्वानांनी एक मंडळी उभी केली होती. चोवीस जणांत आकाश वाटून घ्यायचं ठरलं. स्वतःला ते आकाशाचे पोलीस म्हणवायचे. त्या चोवीसांत पियाझ्झीचं नाव होतं, पण आमंत्रणाचं पत्र त्याला पोचलंच नव्हतं. पोलीस हुडकत राहिले आणि ज्याला निरोप नव्हता त्याला सापडलं. मान्यवरांच्या यादीवर फार भरवसा ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

पण सापडलं ते एकट्या पियाझ्झीला का? इथं मी जरा थांबतो.

ज्या यंत्रानं त्यानं तो सरकलेला ठिपका मोजला, ते पाच फूट व्यासाचं वर्तुळ लंडनच्या जेसी रॅम्सडेननं १७८९ मध्ये पुरं केलं. हा रॅम्सडेन खानावळवाल्याचा पोरगा. यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सचा. लहानपणी त्याला कापडाच्या धंद्यात उमेदवारीला घातलेलं. मित्रहो, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून मशीनकडं बघत बसलो. कापडात हात घालून वाढलेला माणूस. पुढं लंडनला गेला, वयानं मोठा असताना पुन्हा उमेदवार झाला, उपकरणं करायला शिकला, आणि वर्तुळावर बारीक अंशांच्या रेघा आखायचं असं यंत्र केलं की युरोपभरचे विद्वान त्याच्या दारात ताटकळायचे. पियाझ्झी स्वतः लंडनला जाऊन त्याच्यामागं लागला तेव्हा ते वर्तुळ पुरं झालं. रेघ केसाएवढी चुकली असती तर सेरेस सरकला हे कळलंच नसतं. पियाझ्झी कृतघ्न नव्हता, त्यानं रॅम्सडेनविषयी आदरानं लिहिलंय. ते वर्तुळ आजही पालेर्मोत जपून ठेवलंय.

तिसरा हात गाऊसचा. ११ फेब्रुवारीपर्यंत पियाझ्झीनं वेध घेतले. मधे तो आजारी पडला, पुढं दगड सूर्याच्या उजेडात गेला आणि हरवला. थोड्याशा नोंदींवरून तो परत कुठं उगवेल हे सांगणारं कुणी नव्हतं. ते गणित कार्ल फ्रीडरिश गाऊसनं सोडवलं. वय चोवीस. बाप गवंडीकाम, बागकाम करणारा. आईला लिहिता येत नव्हतं. तिनं पोराची जन्मतारीख लिहून ठेवली नव्हती, फक्त एक सण आणि त्याच्या आठ दिवस आधीचा बुधवार एवढं तिच्या ध्यानात होतं. पुढं पोरानं गणित करून स्वतःची तारीख काढली. आपल्यात किती जणांची जन्मतारीख मास्तरानं लावलेली १ जून आहे? माझ्या बापाची आहे, चुलत्याची आहे. गाऊसनं सांगितलेल्या जागेजवळ ३१ डिसेंबर १८०१ च्या रात्री फॉन त्साख या जर्मन ज्योतिर्विदाला तो दगड पुन्हा दिसल्याचं पक्कं झालं.

म्हणजे एका दगडाच्या शोधात डोळा पाद्र्याचा, हात कापडवाल्याचा, गणित गवंड्याच्या पोराचं. आणि नाव कुणाचं लागलं? राजाचं!

पियाझ्झीनं नाव ठेवलं सेरेस फर्डिनांडिया. सेरेस म्हणजे रोमन लोकांची धान्याची देवी, सिसिली तिचं जुनं ठाणं. आणि फर्डिनांडिया म्हणजे राजा फर्डिनांडची. हा फर्डिनांड नेपल्स आणि सिसिली दोन्हींचा राजा. १७९८ च्या अखेरीला फ्रेंच फौजा येताहेत म्हटल्यावर नेपल्स सोडून पालेर्मोला पळून आलेला. त्याच्या माघारी नेपल्समध्ये जानेवारी १७९९ ला प्रजासत्ताक उभं राहिलं आणि जूनमध्ये ते चिरडलं गेलं. मग सूड सुरू झाला. शंभराहून जास्त जणांना देहदंड. त्यात एलिओनोरा पिमेंटेल फॉन्सेका नावाची कवयित्री होती. प्रजासत्ताकाचं वर्तमानपत्र ती चालवायची. २० ऑगस्ट १७९९ ला भर बाजारच्या चौकात तिला फासावर दिलं. लिहिणाऱ्या बाईला फास देणाऱ्या राजाचं नाव दीड वर्षाच्या आत सापडलेल्या दगडावर चढलं, तेही धान्याच्या देवीला चिकटून.

पियाझ्झीला शिव्या घालणं सोपं आहे. मला घालवत नाहीत. वेधशाळा राजाच्या वाड्यावर, पगार राजाचा. राजा त्याच्या सन्मानाला सोन्याचं पदक पाडणार होता, तर या माणसानं सांगितलं, पदक नको, त्या पैशात दुर्बीण घ्या. एवढी त्याची बूज होती. तरी नावात राजा आलाच. आणि मी? दोन वर्षांमागं आमच्या खात्याच्या मोठ्या साहेबाचा निरोपसमारंभ झाला. मुकादम म्हणाला, तू कविता करतोस ना, चार ओळी दे. मी दिल्या. साहेबाला वटवृक्ष म्हटलं. त्याच साहेबानं माझ्या शेजारच्या मशीनवरच्या बाईचे बोट चेचल्यावरचे दिवस बिनपगारी लावले होते. मला ते माहीत होतं. टाळ्या पडल्या, चहा मिळाला. ती माझी फर्डिनांडिया. तेव्हापासून कविता लिहायला बसलो की ते वटवृक्षाचं पान वहीत येऊन पडतं.

पण पुढचं ऐका. राजाचं नाव टिकलं नाही.

बर्लिनच्या बोडेला जूनो हे नाव पाहिजे होतं. जर्मनीत काही काळ हेरा चाललं. पॅरिसच्या लालांदनं शोधणाऱ्याचंच नाव द्या म्हटलं. पियाझ्झी चिडला, की शोधला मी आणि बारसं तुम्ही करता? शेवटी सेरेस एवढं सगळ्यांनी मानलं आणि फर्डिनांडिया बोलता बोलता गळून पडलं. कुणी ठराव केला नाही, मोर्चा काढला नाही. इतर देशांतल्या लोकांना तो राजा आपला वाटत नव्हता, एवढंच. १८०३ मध्ये एक नवं मूलद्रव्य सापडलं, त्याला या दगडावरून सेरियम नाव दिलं. लायटरमधल्या ठिणगीच्या खड्यात ते असतं. विडी पेटवताना ठिणगी उडते ती सेरेसच्या नावाची. फर्डिनांडच्या नावाची काडीही पेटत नाही.

यातनं मला पहिली गोष्ट कळली ती ही. नाव ठेवणारा एक असतो, पण नाव चालवणारे अनेक असतात. ज्याच्या तोंडी नाव त्याच्या हाती नाव. राजाचा शिक्का मोठा, पण तोंडं राजाची नव्हेत.

आता कुणी म्हणेल, राजा गेला पण देवी उरली, आपल्याला तिचं काय? बाविस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला मी. देवीपुढं हात जोडायला सांगत नाही. पण ही देवी कुणाची होती ते बघू. रोममध्ये ॲव्हेंटाइन टेकडीवरचं तिचं देऊळ म्हणजे प्लेब्ज, बिनअधिकाराच्या रयतेचं ठिकाण. आणि सिसिलीत एन्ना हे तिचं मूळ गाव. सिसिलीचा गहू रोमला जायचा आणि तो पिकवायचे गुलाम, अंगावर डागण्या दिलेले. इ.स.पू. १३५ च्या सुमाराला या एन्नातच गुलामांनी बंड केलं. म्होरक्या युनुस, सिरियातनं आणून विकलेला. त्यानं पहिलं काय केलं? स्वतःला नाव घेतलं. अँटिओकस, राजाचं नाव. त्या नावाचं एक नाणं सापडलंय, त्यावर गव्हाची ओंबी आहे. काही वर्षं हे राज्य टिकलं, मग रोमन फौजांनी मोडलं. युनुस कैदेत मेला. पण सिसेरो या बड्या रोमन वकिलानं इ.स.पू. ७० मध्ये व्हेरेस नावाच्या लुटारू सुभेदाराविरुद्ध जे लिहिलं त्यात कबूल केलंय की एन्ना गुलामांच्या ताब्यात असताना त्यांनी सेरेसच्या देवळाला हात लावला नाही. मूर्ती उचलून नेली ती सुभेदारानं.

म्हणजे त्या नावाखाली राबणाऱ्यांची भूक आणि बंड दोन्ही पुरलेलं होतं. राजाच्या नावाखाली काय होतं? फक्त राजा. म्हणून एक गळलं आणि एक उरलं, असं मला वाटतं. पियाझ्झीला हे सगळं मनात होतं असं मी म्हणत नाही. नावाला ठेवणाऱ्यापेक्षा जास्त आठवत असतं.

आमच्या अभ्यासमंडळात हे बोललो तर एक मित्र उसळला. म्हणाला, नावानं पोट भरतं का? जमीन मागा, नोकरी मागा, नाव काय चाटायचंय? मी म्हटलं, पोट भरत नसतं तर १९७८ मध्ये विद्यापीठाला एक नाव द्यायचा ठराव झाला म्हणून मराठवाड्यात आपल्या लोकांची घरं कशाला जाळली असती? जाळणाऱ्यांना नावाची किंमत आपल्याआधी कळली होती. ते नाव यायला १९९४ चा जानेवारी उजाडला.

पण मित्राचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. त्यात अर्धं खरं आहे. ते खरंही सेरेसवरच दिसतं. २०१५ मध्ये डॉन नावाचं यान तिथं पोचलं. डोंगर दिसले, विवरं दिसली, चकाकणारे मिठाचे डाग दिसले. त्यांना नावं द्यायचा नियम ठरला, की विवरांना जगभरच्या शेतीच्या देवतांची आणि बाकी जागांना शेतीच्या सणांची. सगळ्यांत मोठ्या विवराला केरवान नाव आहे, अमेरिकेतल्या होपी लोकांच्या मक्याच्या कोंबाच्या देवतेचं. आणि एकटाच उभा असलेला सुमारे चार किलोमीटर उंचीचा जो डोंगर आहे, त्याचं नाव अहुना. हा आपल्या नागालँडमधल्या सुमी नागा लोकांचा सुगीनंतरचा सण. ज्यांना रानटी म्हणून नावं ठेवली, त्यांची नावं आता आकाशात ठेवली. आनंद आहे. पण होपींची जमीन त्या नावानं परत आली का? माझ्या आज्यानं चाळीस सुग्या दुसऱ्याच्या रानात कापल्या, त्याच्या नावावर सातबारा नव्हता आणि मेला तेव्हाही नव्हता. धान्याच्या देवीचं नाव आकाशात, कापणाऱ्याचं नाव उताऱ्यावर नाही. नाव म्हणजे हक्काचा दाखला, हक्क नव्हे. दाखला फ्रेम करून भिंतीला लावून गप बसलो तर आपणही फसलोच.

तसंच वर्गवारीचं. सेरेसला आधी ग्रह म्हटलं. मग लहान निघाला म्हणून पंगतीतनं उठवून लघुग्रह केलं. २००६ मध्ये बढती देऊन बटुग्रह केलं. दोनदा पायरी बदलली, दगड एका वीतभरानंही बदलला नाही. दगडाला त्याचं दुःख नाही. माणसाला असतं. पायरी वरनं ठरवणारे बदलले तरी पायऱ्या राहतातच, हे आपल्याला दगडाकडनं शिकायची गरज नाही.

शेवटी एकाच माणसाविषयी सांगतो आणि थांबतो.

पालेर्मोत पियाझ्झीच्या हाताखाली निकोलो काच्चातोरे म्हणून सहाय्यक होता. रात्र रात्र मोजमाप करणारा. १८१४ मध्ये वेधशाळेची साडेसात हजारांवर ताऱ्यांची यादी छापली. तीत आपल्याकडं ज्याला धनिष्ठा म्हणतात त्या झुबक्यातल्या दोन ताऱ्यांना विचित्र नावं होती, सुआलोसिन आणि रोटानेव. कुठल्या भाषेतली, कुणाला उलगडेना. काही दशकांनी एका इंग्रज पाद्र्यानं रोमन अक्षरं उलटी वाचली. निकोलाउस व्हेनाटोर. काच्चातोरे म्हणजे शिकारी, त्याच्याच नावाचं लॅटिन. सहाय्यकाचं नाव उलटं करून आकाशात घुसवलेलं! २०१६ मध्ये संघानं ती दोन्ही नावं अधिकृतही केली.

हे वाचून सगळे हसतात. मला हसू आलं नाही. राजाचं नाव उघड लिहायचं आणि राबणाऱ्याचं उलटं करून लपवायचं, ही रीत मला ओळखीची आहे. खोली भाड्यानं घेताना घरमालकानं आडनाव विचारलं. मी गावाच्या नावाला कर लावून सांगितलं. बाईनं लगेच पाण्याचा तांब्या पुढं केला. ते पाणी मी प्यालो. तीन वर्षं त्या खोलीत राहतोय, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो नाही. ट्रंकेत आहे, कपड्यांखाली, पालथा. आणि या मासिकात आजवर ज्या कविता आल्या त्या टोपणनावानं. मित्र म्हणायचे, कवीला टोपणनाव शोभतं. शोभत नव्हतं. ते माझं सुआलोसिन होतं.

काच्चातोरेला दोष देत नाही. त्याच्या काळी सहाय्यकाला एवढंच जमत असेल. पण उलटं लिहिलेलं नाव वाचायला दुसरा कुणीतरी हुशार माणूस यावा लागतो, तोही पन्नास वर्षांनी. माझ्याकडं एवढा वेळ नाही.

फोटो काल भिंतीला लावला. घरमालकीण अजून वर आलेली नाही. भाडं द्यायची तारीख परवा आहे. काय होईल ते पुढच्या अंकात कळवीन. संपादकांना सांगितलंय, अनुक्रमणिकेत टोपणनाव छापू नका. माझं नाव, बापाचं नाव, आडनाव, तिन्ही सरळ अक्षरांत छापा.